पाप माझं, पळी तुमची

डॉक्टरबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओट्याशी उभी राहून मेथी निवडत होते. फोनवर हेमंत होता, त्यांचा भाचा. "मावशी, आत्या गेली. सकाळी, झोपेतच," एवढंच म्हणाला. मीच म्हटलं, "ठेव आता, तुला कामं असतील. मी येतेच." फोन ठेवला आणि उरलेली मेथी निवडून टाकली. कोणी म्हणेल, काय ही बाई! पण जन्मभर वॉर्डात काढलेल्या माणसाला हातातलं काम टाकून रडायची सवयच नसते. मेथी निवडली, पातेल्यात पाण्यात टाकली, आणि मग जी रडले ती रिक्षा नेहरू नगरला हेमंतकडे पोचेपर्यंत रडत होते. रिक्षावाला बिचारा दोनदा मागे वळून म्हणाला, "अम्मा, पानी पियोगी?"

पुढच्या आठवड्यात मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. कारखान्याच्या टाउनशिपमधले जुने लोक झाडून आले होते. आता कुणाला काठी, कुणाला श्रवणयंत्र, पण आले. भाषणं झाली. प्रत्येकाच्या भाषणात पूर आलाच. फार वर्षांपूर्वी नर्मदेला पूर आला तेव्हा आमच्या दत्तमंडळाचं औषधपथक घेऊन डॉक्टरबाई गेल्या, आणि "श्रद्धेच्या बळावर त्यांनी एक गाव वाचवलं." एक जण तर म्हणाले, "देवमाणूस!" टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत एवढंही भान नाही लोकांना. मी मागच्या रांगेत बसून होते. पथकातली म्हणून मलाही बोलायला सांगितलं होतं, घसा बसलाय म्हणून सुटका करून घेतली. घसा काही बसला नव्हता. पण तिथे जे चाललं होतं ते तसं घडलं नव्हतं, आणि जसं घडलं ते हार घातलेल्या फोटोसमोर सांगण्यासारखं नव्हतं. घरी आल्यावर मात्र चैन पडेना. देवमाणूस म्हटलेलं बाईंना मुळीच खपलं नसतं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

डॉ. कमल वैशंपायन. कारखान्याच्या हॉस्पिटलात सगळे त्यांना डॉक्टरबाई म्हणायचे, मी नुसतंच बाई म्हणायची. मी साताऱ्याहून लग्न होऊन भोपाळला आले, नवरा कारखान्यात मशीन शॉपला, आणि वर्षभरात मला हॉस्पिटलात स्टाफ नर्सची नोकरी लागली. बाई तेव्हा मेडिकल वॉर्डला होत्या. ग्वाल्हेरच्या. लग्न केलेलं नाही, गोऱ्या, ठेंगण्या, मोठ्या काठाची सुती साडी आणि पायात मोजे. उन्हाळ्यातसुद्धा मोजे! पहिल्याच दिवशी राउंडला मला म्हणाल्या, "सिस्टर, या पेशंटला मी सब्जी बंद सांगितली होती, कोणी दिली?" मी म्हटलं, "कोणी नाही हो बाई, भाजी दिली." सगळा वॉर्ड हसला. मला वाटलं, संपली आपली नोकरी. पण बाई स्वतःच हसत सुटल्या. तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच. मी त्यांच्या हिंदाळलेल्या मराठीवरून त्यांना छळायची, त्या माझ्या सातारी फटकळपणावरून मला. "सिस्टर, तुझी जीभ जरा उकळून घेत जा, सिरिंजसारखी," असं त्या नेहमी म्हणायच्या.

बाईंची भक्ती मोठी होती. गुरुवारचा उपास, वर्षातून एकदा पोथीचं सात दिवसांचं पारायण, त्या दिवसांत जमिनीवर झोपायचं, एक वेळ जेवायचं, बाहेरचं पाणीही घ्यायचं नाही. टाउनशिपातल्या दत्तमंदिरात संध्याकाळच्या आरतीला त्या ड्यूटी नसेल तेव्हा हमखास असायच्या. माझं म्हणाल तर माझं देवाशी भांडण नाही आणि उठबसही नाही. दत्तजयंतीला मी जायची ती महाप्रसादाच्या मसालेभातासाठी, हे मी बाईंच्या तोंडावर सांगितलेलं आहे. त्यावर त्या म्हणायच्या, "येतेस ना? बस, तो बाकीचं पाहून घेईल." त्यांच्या बोलण्यात देव असा शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत असल्यासारखा यायचा. पेशंट बरा झाला की म्हणायच्या, "औषध त्याचं, आपण नुसते हात." मला ते ऐकायला बरं वाटायचं. एवढं शिकलेलं माणूस स्वतःला नुसते हात म्हणतं, हे मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

नर्मदेला पूर आला तो पाऊस संपत आल्यावर. पाणी ओसरलं आणि मागे रोगराई सुरू झाली. हगवण, उलट्या, कावीळ. गुरुवारी आरतीनंतर बाईंनीच विषय काढला, की नुसती आरती काय करायची, औषधं घेऊन जाऊ या. दत्तमंडळाचे चिटणीस भालेरावकाका, कारखान्यात इन्स्पेक्शनला होते, उत्साही माणूस. त्यांनी दोन दिवसांत बस मिळवली, रजा मंजूर करून घेतल्या आणि जाहीर केलं की मंदिरातल्या चांदीच्या पादुका संकल्प करून बरोबर न्यायच्या. "देवाचं काम आहे, देव बरोबर हवा." मी नर्स म्हणून गेले, भक्त म्हणून नव्हे. मंडळातल्या बायकांनी मंदिराच्या ओवरीत बसून मीठ, साखर आणि सोड्याच्या पुड्या बांधल्या. जुलाब होणाऱ्याला पाण्यात कालवून देण्यासाठी. बाईंनी माप घालून दिलं होतं, आणि बायकांचे हात तर सरावलेलेच. दत्तजयंतीला सुंठवड्याच्या पुड्या बांधतात तशाच टोकदार, सुबक पुड्या, त्याच पिवळ्या कागदात. कौतुकाने आम्ही त्या पाट्यांमध्ये रचल्या. पिवळा कागद मंदिरात होताच, म्हणून वापरला. त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही.

ओबेदुल्लागंज, पुढे घाट, होशंगाबाद, आणि तिथून चिखलातून नदीकाठच्या एका गावात. नाव लिहीत नाही. भिंतींवर माणसाच्या छातीएवढी पाण्याची रेघ उठलेली होती, झाडांच्या फांद्यांत गवत आणि कपडे अडकलेले, आणि सगळीकडे मेलेल्या जनावरांचा वास. शाळेची इमारत तेवढी उंचावर होती. तिथे आम्ही टेबल मांडलं, औषधं लावली, स्टोव्हवर पाणी उकळायला ठेवलं आणि वाट पाहत बसलो. कोणी येईना! घराघरातून कण्हण्याचे आवाज येतायत, आणि शाळेत चिटपाखरू नाही. एक म्हातारा तेवढा अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला. त्याच्याकडून कळलं. नसबंदीच्या मोहिमेला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. शहरातून बस भरून डॉक्टर आले, फुकट गोळ्या वाटतायत म्हणजे त्यात काहीतरी काळंबेरं असणार, असं गावाने ठरवून टाकलं होतं. "गोली खिलाके वंश बंद कर देते हैं," म्हातारा सरळ म्हणाला.

संध्याकाळ होत आली तशी भालेरावकाकांनी रोजच्यासारखी आरती घेतली. पादुका औषधाच्या टेबलावरच मांडलेल्या होत्या, दुसरी कोरडी जागाच नव्हती. टाळ वाजले, कापूर पेटला, आणि काय सांगू, कुठून कुठून माणसं निघून आली. बायका, पोरं, धरून आणलेली म्हातारी माणसं. आरती संपली तेव्हा अंगण भरलं होतं. बाई उठल्या. त्यांनी गोळ्यांचं पाकीट घेतलं, पादुकांना लावलं आणि पुढे उभ्या असलेल्या बाईच्या हातावर ठेवून म्हणाल्या, "लो, परसाद समझके लेना." त्या बाईने डाव्या हातावर उजवा हात ठेवून पाकीट घेतलं, कपाळाला लावलं. मागे रांग लागली. रांग अंधार पडेपर्यंत चालली. प्रत्येकाला तपासून, गोळ्या किती आणि केव्हा घ्यायच्या ते सांगून, पुडी कशी कालवायची ते दाखवून, पादुकांना लावून औषध दिलं. बाईंचा चेहरा असा उजळला होता! मला म्हणाल्या, "पाहिलंस सिस्टर? मी म्हणत नव्हते, तो पाहून घेईल?" मी म्हटलं, "खरंय बाई. तुमच्या देवाला आपण स्टाफवर घेऊ या."

त्या रांगेत गेंदाबाई होती. तिशीची असेल, काटक, हातात हिरव्या बांगड्या, दोन लहान मुली पदराला धरून. तिला आदल्या दिवसापासून जुलाब होत होते, पण चालत आली होती, हसत होती. बाईंनी तिला तीन दिवसांच्या गोळ्या आणि चांगल्या मूठभर पुड्या दिल्या. म्हणाल्या, "ही उद्यापर्यंत सुधारेल." दुसऱ्या दिवशी आम्ही नदीपलीकडच्या वस्तीवर नावेने गेलो आणि तिथेच राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी परत आलो तर गेंदाबाईची जाऊ शाळेच्या पायरीवर बसलेली. आम्हाला पाहताच उठली आणि पुढे चालायला लागली. आम्ही मागे.

गेंदाबाई खाटेवर होती. डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी धुण्याच्या बायकांची होते तशी सुरकुतलेली, नाडी लागेना. बाईंनी जावेला विचारलं, "गोली खाई थी?"

"खाई थी, बाई. एक."

"एक? और बाकी?"

जाऊ म्हणाली, आणि सांगते, अगदी आपलेपणाने म्हणाली, "बाकी सबको बाँटी. परसाद अकेले थोड़े ही खाते हैं, बाई!" आणि मग तिने सांगितलं. एक गोळी सासूला, एक सासऱ्याला, एकेक मुलींना, एक शेजारच्यांना कारण त्यांना रांगेत येता आलं नव्हतं, अर्धी विहिरीत टाकली म्हणजे गावाला लागेल, अर्धी गायीला. आणि पुड्या? तिने कोनाड्याकडे बोट दाखवलं. कोनाड्यात कुलदेवतेसमोर आमच्या पिवळ्या सुबक पुड्या एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. वर कुंकू वाहिलेलं, अक्षता वाहिलेल्या. एकही उघडलेली नव्हती.

मी बाईंकडे पाहिलं नाही. पाहायला वेळही नव्हता. सलाइन लावायचं होतं आणि शीर सापडत नव्हती. अंगातलं पाणी एवढं गेलं की शिरा आत चिकटून बसतात. एका हाताला नाही, दुसऱ्या हाताला नाही, शेवटी पायाला सापडली. बाटली लावली. बाई उशाशी बसून चमच्याने तोंडात पाणी घालत होत्या, ते ओठांच्या कडेने परत येत होतं. होशंगाबादला न्यायचं तर वाटेतला नाला भरलेला, नाव यायला दुपार होणार. दुपारपर्यंत ती राहिली नाही. मी जन्मात पुष्कळ मरणं पाहिली, पण गेंदाबाई मरायला नको होती. साखर-मिठाच्या त्या पुड्या तिच्यापासून हातभर अंतरावर होत्या.

जाऊ रडली. रडून झाल्यावर तिने बाईंचे हात धरले आणि म्हणाली, "बाई, आप दुखी मत हो. परसाद तो सबको लगा. उसका समय आ गया था." तिने एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं बाई मला पुढे कितीदा तरी म्हणाल्या.

शाळेमागे कडुनिंब होता, त्याच्या पारावर बाई जाऊन बसल्या. मोजे चिखलाने भरलेले. भालेरावकाका समजूत घालायला गेले. "बाई, तुमचा काय दोष यात? अडाणी लोक..." बाई एकदम ताडकन म्हणाल्या, "अडाणी म्हणू नका त्यांना. प्रसाद वाटून खायचा असतो हे तुम्ही कुठे शिकलात? आईकडून ना? तेही तिथेच शिकले. गोळी किती घ्यायची ते डॉक्टरला ठाऊक असतं. प्रसाद कसा खातात ते भक्ताला ठाऊक असतं. इथे दोन्ही ठाऊक असलेली मी एकटी होते, आणि माझ्याच डोक्यात आलं नाही." काका डोळे पुसत बाजूला झाले. मी फक्त एवढंच म्हटलं, "बाई, सगळ्या गावाने असंच केलं असणार." त्या म्हणाल्या, "तेच तर. ऊठ."

घरोघर फिरलो. तसंच होतं. कोनाड्याकोनाड्यात पिवळ्या पुड्या, आणि गोळ्या आप्तेष्टांत वाटलेल्या. आजारी माणसं मात्र तशीच पडलेली, काही बरीच खालावलेली. बाईंनी शाळेच्या अंगणात लोकांना बोलावलं. पादुका स्वतः उचलल्या, रुमालात गुंडाळून भालेरावकाकांच्या हातात दिल्या आणि हात जोडून लोकांना सांगितलं, "यह परसाद नहीं है. मुझसे गलती हुई. यह दवाई है. जिसको दी, वही खाए, बाँटना नहीं है." लोकांनी ऐकून घेतलं. मग कुजबुज सुरू झाली. परवा परसाद होता, आज दवाई कशी झाली? आणि वाटायची नाही म्हणजे काय, मोजून एकेकालाच का खायला घालतायत? तो पहिल्या दिवशीचा म्हातारा मान हलवत उठला. त्याच्यामागून एकेक करत अंगण रिकामं झालं. खरं बोलल्याचं हे फळ! मी जाम चिडले होते. कुणावर, ते आजही सांगता येणार नाही.

बाई रिकाम्या अंगणाकडे पाहत उभ्या होत्या. मग त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या जावेला विचारलं, "सुनो, चरणामृत घर ले जाते हैं क्या?"

तिला प्रश्नच विचित्र वाटला. म्हणाली, "नहीं बाई. चरणामृत तो वहीं पीते हैं. हाथ में लिया और पिया."

"बाँटते नहीं?"

"हाथ का पानी कैसे बाँटेंगे?"

बाई वळल्या आणि भालेरावकाकांना म्हणाल्या, "काका, पादुका पुन्हा मांडा. आणि तुमची पळी-पंचपात्र द्या मला." काकांच्या ध्यानात यायला वेळ लागला. आलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "बाई, तीर्थ म्हणून औषध द्यायचं? हे खोटं होईल हो. पादुकांसमोर?" त्या म्हणाल्या, "परवाचंही खोटंच होतं. ते न कळता केलं, हे कळून करते. पाप माझं, पळी तुमची. द्या."

माझं म्हणाल, तर मला त्यात पाप-बिप काही दिसत नव्हतं. मी तर आनंदाने गोळ्या कुटायला बसले. प्रत्येक वयाची मात्रा वेगळी वाटीत, पुड्या फोडून उकळलेल्या पाण्यात कालवलेल्या, वर तुळशीचं पान. एकीने द्यायचं, दुसरीने घोट पूर्ण गिळला की नाही ते पाहायचं. टाळ वाजले, लोक आले. लहानथोर प्रत्येकाने हात पुढे केला आणि आमच्यासमोर प्याला. ज्यांना उठवत नव्हतं त्यांच्या खाटेशी बाई पंचपात्र घेऊन गेल्या आणि पळीपळीने, बसून, तासन् तास पाजत राहिल्या. एक म्हातारी तोंड वाकडं करून म्हणाली, "बाई, तुम्हारे भगवान का चरणामृत खारा है!" सगळे हसले. बाईंनी तिला आणखी एक पळी पाजली. त्या हसल्या नाहीत. आम्ही आठवडाभर राहिलो. सकाळ-संध्याकाळ आरती, सकाळ-संध्याकाळ खारट तीर्थ. त्या गावात पुढे एकही माणूस दगावलं नाही.

गाव वाचल्याची जी गोष्ट शोकसभेत सांगितली गेली ती खरीच आहे. फक्त गेंदाबाई त्यात नव्हती. परत आल्यावर मंडळाने सत्कार ठेवला, शाल, श्रीफळ, सगळं. बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि गेंदाबाईचं नाव घेणार एवढ्यात भालेरावकाकांनीच डोळ्यांनी विनवलं. मंडळाचं नाव, मंदिराचं नाव... बाईंनी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि "आभारी आहे" म्हणून बसल्या. काकांना दोष देत नाही. साधा माणूस, तोही झोपला नव्हता कितीतरी दिवस.

त्यानंतरचं माझ्या लक्षात यायला दत्तजयंती उजाडली. मी नेहमीप्रमाणे मसालेभातासाठी हजर. आरती झाली, गुरुजी तीर्थ-प्रसाद द्यायला लागले, आणि बाई नमस्कार करून हळूच बाजूला सरकल्या. मला वाटलं, राहिलं असेल. पुढच्या वेळी पुन्हा तेच. मग मी नजर ठेवली. बाईंनी उपास सोडले नव्हते, पारायण सोडलं नव्हतं, आरतीला तर सगळ्यांत आधी हजर. पण तीर्थाला हात पुढे होत नव्हता आणि प्रसाद घेत नव्हत्या. लोकांना वाटलं, काही व्रत असेल. कोणाला वाटलं, साखरेचा आजार असेल. मला कसला दम निघतोय! हॉस्पिटलातून क्वार्टरकडे चालत येताना सरळ विचारलं. बाई चालता चालता थांबल्या. मग म्हणाल्या, "सिस्टर, मी त्याच्या नावावर दोनदा खोटं बोलले. एकदा चुकून, एकदा जाणून. चुकून बोलले तर बाई मेली. जाणून बोलले तर गाव वाचलं. आता मी काय समजायचं, सांग?"

मी म्हटलं, "मला काय विचारता? मला देवातलं ओ का ठो कळत नाही."

"मलाही कळत नाहीये. कळेपर्यंत हात पुढे होत नाही. बस, इतकंच."

मी पुष्कळ भांडले त्यांच्याशी. म्हटलं, हा कसला हट्ट, स्वतःला शिक्षा करून घ्यायची ही कुठली रीत, तुमचा देव काय हिशेब घेऊन बसलाय का? त्या ऐकून घ्यायच्या आणि विषय बदलायच्या. यामागचं कारण तिघांनाच ठाऊक, मी, बाई आणि भालेरावकाका. काका आधीच गेले. मी बाईंना शब्द दिला होता, कुणाला सांगणार नाही म्हणून. नवऱ्यालाही सांगितलं नाही, हे आता तोही खरं मानणार नाही.

हॉस्पिटलात मात्र त्यांनी एक नवा कायदा आणला. औषधाची पहिली मात्रा पेशंटने त्यांच्यासमोर घ्यायची. मग तो हेल्पर असो नाहीतर जनरल मॅनेजर. एकदा चार इमलीहून, म्हणजे बड्या सरकारी बंगल्यांतून, एक बडे अधिकारी कुणाच्या ओळखीने दाखवायला आले होते. बाईंनी गोळी हातावर ठेवली आणि पाण्याचा पेला पुढे केला. ते म्हणाले, "घर जाकर ले लूँगा." बाई म्हणाल्या, "नहीं, मेरे सामने." त्यांनी गिळली. "मुँह खोलिए." त्यांनी तोंड उघडलं! मी औषधाच्या कपाटाआड जाऊन पदर तोंडात कोंबून हसले होते. वॉर्डातले लोक बाईंच्या पाठीमागे त्यांना 'मेरे सामने' म्हणायचे. का, ते त्यांना कुठे ठाऊक होतं...

रिटायर झाल्यावर बाई क्वार्टर सोडून नेहरू नगरला भाच्याकडे राहायला गेल्या. हेमंत आणि शिल्पा, दोघांनी त्यांना फार चांगलं सांभाळलं, हे मुद्दाम लिहिते. मी गुरुवारी जायची, कारण गुरुवारी बाईंचा उपास आणि शिल्पा साबुदाण्याची खिचडी झकास करते. गेली दोन वर्षं किडन्या जात चालल्या होत्या. डायलिसिस नको म्हणाल्या, आणि डॉक्टरशी कोण वाद घालणार? शेवटच्या महिन्यात अंथरूण धरलं. बोलणं कमी झालं, पण डोकं साफ होतं. माझ्या साताऱ्याच्या मराठीची नक्कल करायची हुक्की तेवढ्यातही यायची.

त्या गेल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिथे होते. शिल्पा दारातच भेटली, डोळे सुजलेले. म्हणाली, "मावशी, मंदिरातून तीर्थ आणलंय. दुपारपासून प्रयत्न करतेय, आत्या तोंडच उघडत नाहीत. ओठ घट्ट मिटून घेतात. असं तीर्थाशिवाय कसं हो जाऊ द्यायचं त्यांना? एवढं आयुष्य देवाचं केलं..." हेमंत खिडकीशी पाठ करून उभा होता. त्या दोघांना काही ठाऊक नव्हतं. मी शिल्पाच्या हातातली वाटी घेतली. "तुम्ही दोघं चहा करा जा," म्हटलं आणि खोलीत जाऊन बाईंच्या उशाशी बसले.

चेहरा एवढासा झाला होता. ओठ कोरडे पडून फुटलेले. मी हाक मारली, डोळे उघडले, ओळखलं. किती वर्षं या बाईने हात पुढे केला नव्हता, ते एकदम माझ्या अंगावर आलं. देव आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण असेल तर त्याच्या दारातून ही बाई उपाशी जातेय, हे मला बघवेना. मी चमचा भरला आणि वॉर्डातल्या आवाजात म्हटलं, "बाई, औषध आहे. घ्या."

त्यांनी चमच्याकडे पाहिलं. वाटीकडे पाहिलं. वाटीत तुळशीचं पान तरंगत होतं, आणि ही बाई डॉक्टर होती, आंधळी नव्हती. मी म्हटलं, "विचार करू नका. माझ्यासमोर घ्यायचं." बाईंनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग उजवा हात चादरीतून बाहेर काढला, उचलवत नव्हता तरी काढला, आणि पंजा वाकवून माझ्यापुढे धरला. मी त्या हातावर तीर्थ घातलं आणि हाताला आधार देऊन तो तोंडाशी नेला. त्या प्यायल्या. गिळलं की नाही, ते मी सवयीने पाहिलं. गिळलं होतं.

"खारट नाहीये गं," बाई म्हणाल्या.

आणि हात पुन्हा पुढे केला.